चाळणीत अडकलेला शब्द, सुटलेली शिवी

एका दैनिकाच्या संकेतस्थळावर पाणीटंचाईची बातमी होती. खाली वाचकांची मते. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने तिथे लिहिले, 'आमच्या आजोबांना महार म्हणून पाणवठ्याला शिवू दिले नाही, आज टँकरही आमच्या वस्तीत शेवटी येतो.' मत नाकारले गेले. शेरा आला, 'आक्षेपार्ह शब्द'. त्याच बातमीखाली कुणीतरी 'कोट्यातल्यांनी आपल्या लायकीत राहावे' असे लिहिले होते. ते दिवसभर झळकत राहिले!

यात संपादकाचा डाव असेल असे आम्ही लगेच म्हणणार नाही. बहुतेक ठिकाणी ही मते आधी यंत्र वाचते. त्याला नको त्या शब्दांची यादी दिलेली असते. शब्द दिसला की मत अडवायचे, एवढेच त्याला कळते. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली होती. तिथे ती हसण्यावारी गेली. आपल्याकडे जातीचे नावच यादीत जाते, आणि अन्याय सांगणाराच अडतो. शिवी देणारा मात्र अक्षरांमध्ये टिंब टाकतो, रोमन लिपीत लिहितो, नाहीतर 'कोट्यातले' म्हणून मोकळा होतो.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १६ जून २०१५ रोजी एस्टोनियातील डेल्फी या वृत्तस्थळाच्या खटल्यात याच चाळणीचा विचार केला. २००६ सालच्या एका बातमीखाली १८५ मते आली, त्यांपैकी सुमारे वीस धमकीची व शिवराळ होती. शब्द गाळणारे यंत्र होते, तरी ती सुमारे सहा आठवडे तशीच राहिली. यंत्र पुरेसे नव्हते असे न्यायालयाने नोंदवले, आणि ३२० युरोंची भरपाई पंधरा विरुद्ध दोन मतांनी कायम झाली. रक्कम किरकोळ आहे. पण 'यंत्राने सोडले, आम्ही काय करणार' हा बचाव तिथे टिकला नाही.

म्हणून कलम ६६-अ परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले हे बरेच झाले. तसल्या कलमाखाली पहिली अटक कुणाची होते, हे आम्ही कोर्टात रोज पाहतो.

आमचे भांडण वेगळे आहे. तो तरुण आमच्याकडे आला तोवर ते मतही गायब झाले होते. ॲट्रॉसिटी कायद्यात सार्वजनिक नजरेत जातिवाचक शिवीगाळ हा गुन्हा आहे, आणि इंटरनेटवरचा मजकूरही 'सार्वजनिक नजरेत' येतो असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. ते मत या कलमात बसते की नाही, हा वादाचा मुद्दा. पण वाद घालायला मजकूर तर हवा! २०२१च्या नियमांत मध्यस्थाने काढलेला मजकूर १८० दिवस जपावा असे आहे. पण बातमीखालच्या मताला स्वतंत्र क्रमांक नाही, वेळेची नोंद वाचकाला दिसत नाही. मग मागायचे तरी काय? तरुणाच्या हाती मोबाइलवर काढलेला एक फोटो, तोही अर्धा कापलेला. पत्रात बातमीची तारीख, अंदाजे वेळ आणि तो फोटो जोडून आम्ही संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला नोटीस पाठवली आहे. १८० दिवस अजून भरलेले नाहीत.