वजनदारांनी धावू नये?

संपादक महोदय,

‘शंभर किलोंपुढच्यांनी धावण्याच्या फंदात पडू नये’ हा आपल्या अंकातला सल्ला अर्धवट आहे. धावताना पायावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, मान्य. म्हणून काय खुर्ची धरायची? आधी रक्तदाब, साखर तपासून काही आठवडे नुसते चालावे. मग मिनिटभर संथ धावणे, दोन मिनिटे चालणे, आठवड्यातून तीनदाच. गुडघ्यांची काळजी वाहणाऱ्या लेखकाने जादा वजनानेच ते झिजतात, हे सोयीस्करपणे गाळले. खरी अडचण वेगळीच. गोखिवऱ्यात पहाटे निघावे तर खड्डे, टँकर आणि मागे लागणारी कुत्री! 2011 पासून मॅरेथॉन भरवणाऱ्या महापालिकेने इथे आधी सलग पदपथ द्यावा.

— एक वजनदार वाचक, गोखिवरे, वसई (पूर्व)