गॅस्केट स्वस्त, पण वापस आलेली गाडी महाग



मागे धामणगाव रेल्वेचा एक तरुण मिस्त्री मला भेटायला आला. म्हणाला, "सर, मुद्रा लोनचं सांगा ना. वॉशिंगचा पंप अन् रॅम्प टाकाचा हाय." मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, एवढं त्याला माहीत होतं. मी म्हटलं, कर्जाचं नंतर बघू, आधी वही दाखव.

वही बरी होती. तीन महिन्यांत जुन्या स्प्लेंडरच्या हेड गॅस्केटची दहा कामं त्यानं केली होती. पण त्यातल्या तीन गाड्यांपुढे नंतरच्या तारखेला फक्त एक शब्द होता, "वापस". पैशाचा रकाना कोरा.

"हे काय?"

"त्या गाड्या पुन्हा तेल फेकत होत्या सर. गिऱ्हाईकाले काय मांगावं? फुकटच करून देल्या."

आजचा सगळा विषय या एका शब्दाचा आहे. आणि त्यात थोडी चूक माझीसुद्धा आहे. "नवीन आहात, भाव कमी ठेवा, गिऱ्हाईक जोडा," असं मी माझ्या एका जुन्या व्हिडिओत सांगितलं होतं. या पोरानं ते मनावर घेतलं होतं.

आधी हिशोब

हे त्याच्या वहीतले आकडे आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील. हेड गॅस्केटची मजुरी तो ४०० रुपये घ्यायचा. सामान वेगळं. या कामात अर्धा दिवस जातो.

आता गाडी वापस आली की पुन्हा अर्धा दिवस. त्या वेळात ३०० रुपयांच्या दोन सर्व्हिसिंग झाल्या असत्या, त्या गेल्या. म्हणजे ६०० रुपये. नवं गॅस्केट, ओ-रिंग, वरून टाकलेलं ऑइल, धरा १५० रुपये, तेही खिशातून. एक वापसी म्हणजे ७५० रुपयांचा खड्डा.

दहा गाड्यांचे ४,००० आले. तीन वापस, २,२५० गेले. उरले १,७५०. पोरगा बोटं मोजत होता, तो थांबला. "म्हणजे सर, दहा गाड्या केल्या अन् पैसे चारच गाड्यायचे भेटले?" साडेचारचेही नाही, बाबू.

तीन गाड्या, तीन कारणं

मग आम्ही त्या तीन गाड्यांचं एकेक करून काढलं. मी मिस्त्री नाही, पण प्रश्न विचारता येतात.

पहिल्या गाडीचं गॅस्केट खराब नव्हतंच. तेल वरच्या टॅपेट कव्हरच्या ओ-रिंगमधून येत होतं आणि हवेनं खाली हेडच्या जोडावर पसरत होतं. ओलं दिसलं म्हणून हेड खोललं. खरं तर इंजिन धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर साधी टाल्कम पावडर मारायची आणि चार-पाच किलोमीटर गाडी फिरवायची. ओलाव्याची रेघ जिथून सुरू होते, तिथं गळती. दहा रुपयांची पावडर अर्धा दिवस वाचवते.

दुसऱ्या गाडीचं हेड वाकलेलं होतं. शेतकऱ्याची गाडी. ४५ डिग्रीच्या उन्हात दोन माणसं आणि मागं खताचं पोतं. वर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. अल्युमिनियमचं हेड तापून तापून वाकतं. त्यावर नवं गॅस्केट बसवलं तरी फट राहतेच. सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरपी ठेवून खाली फिलर गेज घालून पाहायचं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फट असेल तर हेड लेथवाल्याकडे पाठवायचं, नाहीतर गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगायचं. हे पाच मिनिटांचं काम त्यानं कधीच केलं नव्हतं. कोणी शिकवलंच नव्हतं.

तिसऱ्या गाडीचे नट हाताच्या अंदाजानं आवळले होते. एक बाजू पूर्ण टाईट, मग दुसरी. हेडचे चार नट समोरासमोर, तिरपे, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. "माह्या हाताले अंदाज हाय सर," तो म्हणाला. असेल. पण सकाळी पहिल्या गाडीवरचा हात आणि संध्याकाळी सहाव्या गाडीवरचा हात एक नसतो.

आणि एक सवय त्यानं स्वतःच कबूल केली. शंका आली की गॅस्केटला सिलिकॉन गम फासायचा. गम आत सुटला तर ऑइलची वाट बुजते. आणि तिथून पुढे काम गॅस्केटवर थांबत नाही.

गिऱ्हाईकाचं काय जातं?

आपण फक्त आपला तोटा मोजतो. समोरच्याचाही मोजा.

धामणगावात सकाळी कितीतरी लोक मोटारसायकल स्टेशनवर लावून बडनेऱ्याकडे किंवा वर्ध्याकडे रेल्वेनं जातात. गाडी रस्त्यात बंद पडली की रेल्वे चुकली आणि रोजी गेली. मंगरूळ दस्तगीरहून, अंजनसिंगीहून येणारा शेतकरी कापूस वेचणीच्या दिवसांत दोनदा गॅरेजवर येऊ शकत नाही. स्प्लेंडर १९९४ साली बाजारात आली. हिरो आणि होंडा वेगळे होऊनही दशक उलटलं. पण हिरो होंडा लिहिलेल्या टाक्या आजही वऱ्हाडात शेतावर उभ्या दिसतात. नवी गाडी परवडत नाही म्हणूनच तो माणूस जुनी दुरुस्त करतो. त्याला स्वस्त काम नको असतं, एकदाच केलेलं काम पाहिजे असतं. हा फरक मला स्वतःला उशिरा कळला.

मग भाव वाढवायचा का?

हो. पण नुसता आकडा वाढवू नका, कामाचे भाग पाडून सांगा.

पहिला भाग गळती शोधण्याचा. त्याचे ५० रुपये वेगळे. काम तुमच्याकडेच केलं तर ते बिलात वळते. दुसरा भाग हेड खोलणं, पट्टीनं तपासणं, नवं गॅस्केट, टॉर्कवर आवळणं, टायमिंगची खूण जुळवून टॅपेट सेटिंग. त्याचे ६०० रुपये. तिसरा भाग लेखी हमी. बिलावर लिहायचं: तीन महिन्यांत त्याच जोडातून गळती झाली तर मजुरी माफ. आणि ५०० किलोमीटरला एकदा फुकट तपासणी. जुनं गॅस्केट गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं, म्हणजे काय बदललं ते त्याला दिसतं.

"लोकं पळतील ना सर, बाजूचा ३५० मध्ये करते." पळतील, काही पळतीलच. हिशोब करून बघ. दहाचे सहाच आले, ६०० प्रमाणे ३,६०० झाले. त्यातली एक वापस आली, तरी २,८५० उरले. चार गाड्या कमी करून १,१०० रुपये जास्त, आणि दोन दिवस मोकळे.

राहिली उधारी. "कापूस विकला की देतो" हे आपल्याकडे चालतंच, आणि ते पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. पण सामानाचे पैसे आधी घ्या. उधारी द्यायचीच तर मजुरीची द्या, गॅस्केटची नको.

माझं मत

जुना सल्ला मी मागे घेतो. कमी भावानं गिऱ्हाईक येतं, पण ते भावासाठी येतं. दुसरा ५० रुपयांनी उतरला की तिकडे जातं. दुरुस्तीच्या धंद्यात गाडी वापस येऊ न देणं हीच खरी जाहिरात. हे फक्त गॅरेजला लागू नाही. शिलाई, मोटार रिवायंडिंग, मोबाइल दुरुस्ती, जिथं जिथं काम परत येऊ शकतं तिथं तिथं हाच हिशोब.

त्या पोरानं मुद्राचा अर्ज सध्या थांबवला आहे. आधी टॉर्क पाना, फिलर गेज आणि सरळ पट्टी घेतली, स्वतःच्या पैशानं. दोन जुनी गिऱ्हाईकं बाजूच्या गॅरेजवर गेली. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. नव्या पद्धतीनं केलेल्या गाड्यांपैकी अजून एकही वापस आलेली नाही, पण कामं मोजकीच झाली आहेत, म्हणून मी आत्ताच टाळ्या वाजवत नाही. तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडणार आहोत. रॅम्पचा निर्णय तेव्हा.

तुम्ही आजच एक करा. तुमच्या वहीत "वापस" नावाचा रकाना आखा. महिनाभर प्रामाणिकपणे भरा. कर्ज किती लागेल ते त्यानंतर ठरवा. कदाचित कर्जाऐवजी एक पानाच लागेल.