तारप्याशेजारी वीटभट्टीही काढू द्या

पालघर जिल्ह्यातल्या सरकारी भिंती रंगवून घेणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,



सरकारी इमारत सजवायची म्हटली की हल्ली आधी वारली चित्र सुचते. गेरूच्या छटेचा ऑइलपेंट, पांढरी माणसे, मधोमध तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचाचा फेर. चित्रांबद्दल तक्रार नाही. तक्रार वेळेची आहे, आणि थोडी विषयाचीही.

भात झोडून झाले, दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे टेम्पोत बसून भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेक वेळा खर्चही झालेली. तिथे आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब पावसाच्या तोंडावर. राहायला विटाच एकावर एक रचून केलेली खोपटी, वर पेंढा आणि प्लास्टिक. भिंतीसुद्धा मालकाचा माल!

आणि लग्नाच्या वारली चौकाला, म्हणजे देवीच्या चित्राला, तर घरचीच भिंत लागते. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली, गेरू दिलेली. सवाशिणी तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून पालघाट देवी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, मग लग्न लागते. या भिंतीवरचे चित्र 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या खटपटीने कागदावर आले. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 1989 साली पॅरिसच्या ‘मॅजिशियँ द ला तेर’ प्रदर्शनात पोचले, 2011 साली पद्मश्री झाले. चित्र मानाने जगभर फिरले. ते लिहिणाऱ्यांच्या कितीतरी घरांना मात्र दिवाळीनंतर कुलूप लागते.

म्हणून एक मागणी. भिंती रंगवण्याचे काम मार्चअखेरच्या घाईत ठेकेदाराच्या गळ्यात घालू नका. ते नोव्हेंबरात काढा, इथल्याच पाड्यांवरच्या बायकांना द्या आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात ठेवा. भट्टीमालकाला जे जमते ते सरकारला जमू नये? एवढ्याने स्थलांतर थांबेल असे मी म्हणत नाही. भिंती किती, माणसे किती. त्यासाठी रोजगार हमीची कामे वेळेवर सुरू व्हायला हवीत आणि मजुरी वेळेवर यायला हवी. पण निदान जे काम यांच्या नावाने निघते, ते तरी यांना मिळावे.

दुसरे, नमुन्याची यादी देऊ नका. तारपा, मोर, ताडाचे झाड एवढेच का? वारली चित्रकारांनी आगगाडी केव्हाच काढली आहे. एखादीला टेम्पो काढावासा वाटला, धुरकटलेली भट्टी, विटांच्या रांगा, आईशेजारी गारा तुडवणारे पोर काढावेसे वाटले, तर काढू द्या. साहेबांच्या केबिनबाहेर ते शोभणार नाही अशी सबब पुढे येईल. तिथेच काढू द्या.

मंजुरी दिवाळीच्या आत निघावी. लक्ष्मीपूजन झाले की पाड्याच्या नाक्यावर टेम्पो उभे राहतात.

आपला,
जव्हारचा एक रहिवासी