ओवाळणीचे गणित

दिवाळी आली की भाऊबीज येते, आणि भाऊबीज आली की ओवाळणीचा प्रश्न येतो. तबकात किती घालावे हे ज्याचे त्याने ठरवावे; पण बहिणीच्या नवऱ्याचा पगार विचारून मग खिशात हात घालणारा भाऊ अजून तरी आमच्या पाहण्यात नाही.

सरकार नावाच्या भावाला मात्र हे विचारावे लागते. महाराष्ट्राने जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजना आणली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तर दरमहा १५०० रुपये. कागलच्या पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. तिथे २०२३ पासून कुटुंबप्रमुख स्त्रीला 'गृहलक्ष्मी' म्हणून २००० रुपये मिळतात. एक लेक कागलात आणि दुसरी निपाणीत दिलेल्या आईने काय म्हणावे? एक लाडकी, दुसरी लक्ष्मी!

आता जरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत चला. नावावरून हॉटेल समजू नका. इथे भट्ट्या पेटतात आणि पाळ्या बदलतात. समजा, फौंड्रीतल्या एका कामगाराला वीस हजार पगार आहे आणि घरात तो एकटाच मिळवता आहे. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. बायको लाडकी बहीण. तिचे वर्षाला १८ हजार. दिवाळीच्या तोंडावर मालकाने खूश होऊन महिना हजार रुपये वाढवले. उत्पन्न झाले २ लाख ५२ हजार! नियमाने पाहिले तर मिळाले १२ हजार, गेले १८ हजार. त्या माउलीने पेढे वाटावेत की नवऱ्याला बढती नाकारायला सांगावे?

या पेचावर अर्थशास्त्रज्ञांनी सुचवलेला तोडगा म्हणजे सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न. प्रत्येकाला ठरावीक रक्कम द्यावी. ना अट, ना उत्पन्नाचा दाखला. सधनांकडून ती करातून परत घ्यावी. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत यावर एक स्वतंत्र प्रकरणच होते.

"फुकट मिळाले की माणसे आळशी होतात!" आपल्यापैकी कुणी तरी म्हणणारच. आम्हा प्राध्यापकांना मे महिन्याच्या सुट्टीतही पगार मिळतो. जूनमध्ये आम्ही वर्गावर जातोच ना? मध्य प्रदेशातल्या काही खेड्यांत 'सेवा' संस्थेने २०११-१२ च्या सुमारास हा प्रयोग करून पाहिला. प्रौढाला आरंभी महिना २०० रुपये, मुलाला १००. लोक घरी बसले नाहीत. उलट कित्येकांनी शेतात आणि जनावरांत पैसा घातला.

पैशाचा प्रश्न खरा आहे. सगळ्यांना द्यायचे तर खजिना मोठा हवा, म्हणजे कर देणाऱ्या आपल्या घरांनाही झळ लागणार. ते लपवण्यात अर्थ नाही. पण कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा खर्चाचा प्रश्न काय लहान होता? शाळा सगळ्यांची झाली, म्हणून तिथे जाण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

रक्कम थोडी असली तरी चालेल. पण बढतीचे पत्र हाती आल्यावर ते घ्यावे की परत करावे, ही चिंता कष्टकऱ्याच्या घरी असू नये. तेवढी सोय तरी आपल्या राज्याने करायलाच हवी.