‘ते वेगळं!’

रेडिओवर लावणी लागली की आमच्या आजोबांचा हात आपसूक बटणाकडे जायचा. नाट्यगीत लागलं की तोच हात मांडीवर ताल धरायचा. गंमत अशी की, किर्लोस्करांच्या १८८२च्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकात साकी-दिंडीबरोबर लावणीच्याही चाली आहेत. हे मी आजोबांना एकदा ऐकवलं. त्यांनी पानाचा डबा उघडला, सावकाश सुपारी कातरली आणि म्हणाले, “ते वेगळं!”

आपली निम्मी नावड कानाची नसतेच, लोकलाजेची असते. सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन ठसकेबाज लावण्या गायच्या. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. त्यात बटण बंद करणाऱ्यांचे वारसच जास्त.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. मिरवणुकीतला डीजे आला की खिडक्या लावून घेतो आणि ‘हे काय संगीत आहे?’ म्हणतो. खरी तक्रार थरथरणाऱ्या काचांची. परवा भांडी घासताना त्यातलंच एक गाणं गुणगुणत होतो. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी नळ जरा मोठा केला.