वेगाचा छंद आणि पोटाचा धंदा

गेल्या मार्गशीर्षातील एका सकाळी, कसालहून मालवणास येणाऱ्या रस्त्यावर कुंभारमाठापाशी, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून चालणारी एक पिवळी पोर्शे मोटार चहासाठी टपरीसमोर थांबली आणि पाहता पाहता तिच्याभोवती पंचवीस-तीस माणसांचा मेळा जमला. मोटार मुंबईची होती. गोव्याच्या वाटेवर मालवणचा समुद्र पाहावा म्हणून मालकाने महामार्ग सोडून वाकडी वाट केली होती. गर्दी साहजिकच मोटारीच्या तोंडाकडे लोटली. किंमत किती, लिटरमागे किती किलोमीटर जाते, आमच्या पाणंदीतल्या मोरीवरून ती पार होईल काय, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली आणि त्या सर्व प्रश्नांच्या मुळाशी असलेला खरा प्रश्न अखेरीस एका वृद्ध गृहस्थांनी, मालकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, माझ्या कानाशी विचारला: "ह्यो माणूस करता तरी काय?" विशीतला एक मुलगा मात्र या गर्दीत न शिरता थेट मोटारीच्या मागच्या बाजूस जाऊन उभा राहिला, कारण या जातीच्या मोटारीचे इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे बसविलेले असते आणि त्याचे सहा सिलिंडर दोन्ही अंगांना आडवे निजविलेले असतात, हे तेथे जमलेल्यांपैकी त्याला एकट्यालाच ठाऊक होते.

या सदरातून मी रापणकरांच्या, काथ्या वळणाऱ्या बायांच्या, काजूच्या बिया फोडणाऱ्या कामगारांच्या उपजीविकेविषयी वेळोवेळी लिहीत आलो आहे. तेव्हा वृद्ध गृहस्थांचा तो प्रश्न माझ्या अखत्यारीतलाच होता. वेगवान मोटारींचे वेड ज्यांना लागते ती माणसे पोटासाठी काय करतात? आणि त्या वेडाचा व त्या पोटाचा परस्परांशी काही संबंध असतो की नाही?

मालकीपुरते पाहिले तर उत्तर सरळ आहे आणि त्यात फारसे रमण्यासारखे काही नाही. परदेशातून सबंध बांधून येणाऱ्या, ४० हजार डॉलरांवरच्या मोटारीवर आपल्याकडे कित्येक वर्षे किमतीइतकीच, म्हणजे शंभर टक्के मूळ जकात बसत होती. त्यावर इतर कर आणि आर.टी.ओ.चा भरणा वेगळाच. इतका खर्च सोसणारा मनुष्य मोठा कारखानदार, बांधकाम व्यावसायिक, नट, नाहीतर क्रिकेटपटू असणार हे उघड आहे. रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी अशा मोटारींच्या मालकांचा मुंबईत एक क्लबच स्थापन केला आणि ते स्वतः शर्यतीतही उतरले. सचिन तेंडुलकर यांना लाभलेली फेरारी आणि तिच्या जकातमाफीवरून २००३ च्या सुमारास उठलेले वादळ मराठी वाचकाला आठवत असेल; ती फेरारी पुढे सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली.

परंतु मालकी म्हणजे व्यासंग नव्हे, हा भेद आपल्या समाजाने आता डोळसपणे करावयास हवा. आणि तो करण्याची निकड १९ मे २०२४ च्या पहाटेपासून अधिकच वाढली आहे. त्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंते, एक युवक आणि एक युवती, प्राणास मुकले. मोटार एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता आणि तिची नोंदणीही पुरी झालेली नव्हती, असे पोलिसांनी सांगितले. तेव्हापासून आमच्याकडे घराघरांत एक समीकरण पक्के होऊन बसले आहे: मोटारीचा नाद म्हणजे बापाचा पैसा आणि दुसऱ्याचे मरण. हा संताप मला परका नाही. त्या दोन घरांतील अंधार कोणत्याही न्यायनिवाड्याने उजळणारा नव्हे. तथापि, त्या समीकरणाच्या चरकात जेव्हा कुंभारमाठचा तो मुलगाही सापडतो, त्याच्या भिंतीवरचे मोटारीचे चित्र पाहून त्याची आई धास्तावते आणि मामा त्याला पुढे बसवून "पोटापाण्याचे बघ" असे बजावतो, तेव्हा या न्यायात काही चूक होत आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्याने ते यंत्र स्वकष्टाने जाणून घेतले आहे त्याच्या अंगी त्या यंत्राचे भय असते. आणि ज्याच्या हाती ते नुसतेच आयते पडले त्याच्यापाशी एवढे एक भयच नसते.

या विद्येचे जे खरे धुरीण होऊन गेले ते कोणत्या पेशातून आले होते, हे पाहण्यासारखे आहे. जिम क्लार्क हा स्कॉटलंडच्या सीमाप्रांतातील मेंढ्या पाळणारा शेतकरी. १९६३ आणि १९६५ अशी दोन वर्षे तो ग्रां प्री शर्यतींचा जगज्जेता झाला. ७२ शर्यतींपैकी २५ त्याने जिंकल्या. आणि ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील हॉकेनहाइम येथे, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. आईबापांना हा नाद कधीच पसंत नव्हता. चर्नसाइड गावच्या दफनभूमीत त्याच्या शिळेवर जी अक्षरे कोरली आहेत त्यांत 'शेतकरी' हा शब्द आधी येतो आणि जगज्जेतेपद मागाहून. साऱ्या जगाने ज्याला वेगासाठी ओळखले, त्याची ओळख त्याच्या माणसांनी त्याच्या धंद्याने आरंभावी, यात मला मोठे औचित्य दिसते. शेतकऱ्याच्या हाताला जी सबुरी असते, ओढाळ जनावर न बिथरविता वळविण्याची जी कला असते, ती त्याच्या चालविण्यात उतरली असेल काय, या प्रश्नाशी माझे मन पुनःपुन्हा येऊन थांबते.

हुआन मान्वेल फान्जिओ हा पाच वेळा जगज्जेता झालेला अर्जेंटिनाचा वीर तर निव्वळ मेकॅनिक. बटाट्याच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेल्या बाल्कार्से या गावी, शाळा अर्ध्यावर सोडून, तो गॅरेजमध्ये उमेदवारीस राहिला. पुढे त्याने स्वतःचे गॅरेज काढले. आणि शर्यतीसाठी त्याला मोटार मिळावी म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. जत्रेच्या नाटकासाठी वर्गणी काढणाऱ्या आमच्या वाड्यांना या गोष्टीचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. फेरुच्चो लाम्बोर्गिनीची कथा याहून बोलकी आहे. द्राक्षमळेवाल्याचा हा मुलगा महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करावयास शिकला, युद्ध संपताच मोडीत निघालेल्या लष्करी सामानातून त्याने शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर बांधले, आणि त्या ट्रॅक्टरांच्या मिळकतीवर १९६३ साली मोटारींचा कारखाना उभारला. कुंभारमाठास थांबलेल्या त्या पोर्शेचे मूळही असेच साधे: १९४८ सालापासून ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावच्या एका लाकूड कापण्याच्या गिरणीत या नावाच्या पहिल्या सुमारे पन्नास मोटारी हातांनी घडविल्या गेल्या.

आता त्या मुलाकडे वळतो. माझी-त्याची ओळख त्याच सकाळची. पुढे मी त्याच्या कामाच्या जागीही जाऊन आलो. सर्जेकोट बंदराच्या अंगाला, माडांच्या सावलीत, चार पत्र्यांच्या शेडमध्ये तो आपल्या थोरल्या चुलत्याच्या हाताखाली आऊटबोर्ड इंजिने दुरुस्त करतो. मोटारीचे इंजिन आणि होडीचे इंजिन यांत जातीचा भेद नाही, परंतु दैवाचा आहे: मोटारीला थंड करणारे पाणी तिच्या पोटातच फिरते, तर होडीचे इंजिन जे पाणी ओढून घेते ते खारे असते आणि त्याच्यासंगे रेती येते. ती रेती पंपातील रबरी इम्पेलर खाते, मीठ आतल्या वाटा बुजविते, आणि भर समुद्रात इंजिन तापून अडकले म्हणजे होडीतील माणसांच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून बंदरात परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुणे हा त्याच्या लेखी मोठा नियम. तो न पाळणाऱ्या वयस्कर दर्यावर्दी माणसांनाही हा पोरगा अदबीने, पण स्पष्ट बोल लावतो. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या ओढून ठेवल्या की सबंध वर्षाची इंजिने त्याच्या शेडमध्ये येऊन पडतात. हंगामात तर पहाटे निघालेल्या होडीने सकाळी नऊला हाक मारली की हातातले जेवण टाकून धावावे लागते. "काका, आवाज आयकलो काय रोग समाजता," असे तो मला म्हणाला. हे कान त्याने कमावले कोठे, असे विचारता तो थोडा लाजला: रात्री फोनवर शर्यतींच्या मोटारींचे नुसते आवाज ऐकत झोपावयाचे, आणि कोणते इंजिन किती सिलिंडरांचे ते डोळे मिटून ओळखावयाचे, हा त्याचा लहानपणापासूनचा खेळ. ज्या छंदाला घरात 'नाद' म्हणतात त्या छंदानेच त्याच्या कानाला हे शिक्षण दिले आहे, आणि देवबागेपासून आचऱ्यापर्यंतच्या होडीवाल्यांची रोजी त्या कानावर काही अंशी अवलंबून आहे.

शेडच्या मागे एका होडीचे फायबरचे कवच उलटे घालून ठेवले होते. साच्यात काचतंतूंचे थर आणि राळ घालून ते घडवितात. मला एकाएकी सान स्टॉर्मची आठवण झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सान कंपनीने ही लहानशी, दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार काढली होती. तिचे अंग असेच फायबरचे होते आणि इंजिन रेनॉचे. खप फार झाला नाही आणि ती विस्मृतीत गेली. परंतु आमच्या किनाऱ्यावर ज्या हातांना होडीचे अंग घडविता येते आणि ज्या हातांना इंजिनाचे हृदय जुळविता येते ते हात एकाच आवारात दोन पावलांवर नांदतात, ही गोष्ट त्या उलट्या होडीपाशी उभे असता मला प्रथमच नीट दिसली.

असे हात या जिल्ह्यात एकट्यादुकट्याचे नाहीत. आमच्या गावोगावची मुले चाकणला जाऊन मोटारींच्या कारखान्यांत, बहुधा ठेक्याच्या नोकरीवर, जुळणीच्या रांगेत उभी असतात. मर्सिडीजच्या एएमजी जातीच्या वेगवान मोटारी २०२० पासून तेथे जुळविल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या वेगाला मराठी माणसाचा हात लागलेला आहेच. देवगडकडील माझ्या परिचयाचे एक बागायतदार आंब्याच्या हंगामात मोहोराखेरीज दुसरे बोलत नाहीत आणि पाऊस लागला की मांगरात जपून ठेवलेल्या जुन्या फियाटचा कार्ब्युरेटर उलगडून बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक गुरुजी गेली तीस वर्षे शर्यतींची कात्रणे वहीत चिकटवीत आले आहेत. या सर्वांचे धंदे निरनिराळे. वेगवान मोटार यांपैकी एकाच्याही दारात नाही.

माझे म्हणणे सरकारी दफ्तरांपर्यंत पोहोचावे अशी इच्छा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीस पर्यटकांना समुद्रात नेणारी प्रत्येक होडी इंजिनावर चालते. आणि ते इंजिन दुरुस्त करणारा मुलगा कोणत्याही नोंदवहीत कारागीर म्हणून दाखल नसतो. कुंभारमाठासच शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्याच्या कार्यशाळेचे दार अशा मुलांना संध्याकाळी उघडे करावे, सागरी इंजिनांचा सहा महिन्यांचा वर्ग काढावा, आणि चुलत्याच्या शेडमध्ये शिकलेल्या विद्येची परीक्षा घेऊन तिला दाखला द्यावा. दाखला नसल्यामुळे एका बँकेने या मुलाचा कर्जाचा अर्ज मागील वर्षी परत केला. हत्यारे घ्यावयास त्याला हवे होते अवघे ऐंशी हजार. दुसरे असे की, महामार्ग चौपदरी झाल्यापासून रात्री त्यावर दुचाकींच्या शर्यती लावणाऱ्या मुलांना पोलिसांनी जरूर अटकाव करावा, पण त्यांना कोल्हापूरकडे नेऊन गो-कार्टिंगचा बंदिस्त ट्रॅक एकदा दाखवावा. रस्ता आणि ट्रॅक यांतले अंतर उपदेशापेक्षा एका फेरीत अधिक चांगले कळेल.

त्या सकाळची हकीकत अर्धीच सांगितली. मालक चहा संपवून आला, मागे उभ्या असलेल्या मुलाकडे त्याने क्षणभर पाहिले आणि न बोलता मागचे झाकण उघडून दिले. आत दोन काळ्या पंख्यांखेरीज काहीच दिसत नव्हते. अलीकडच्या या मोटारींत इंजिन असे झाकून टाकलेले असते की मालकालाही त्याचे दर्शन दुर्लभ. मला वाटले, मुलगा हिरमुसेल. तो म्हणाला, "साहेब, एकदा चालू करून दाखवाल का?" मालकाने चावी फिरविली. गर्दी दचकून मागे सरली. हा मात्र वाकून, डोळे मिटून, श्वास रोखल्यासारखा दोनेक मिनिटे ऐकत राहिला. मग सरळ झाला, मालकाला नमस्कार केला आणि दुपारच्या आत एक होडी पाण्यात घालून द्यावयाची होती म्हणून आपल्या स्कूटरकडे निघाला. मी विचारले, इंजिन तर दिसले नाही ना रे? स्कूटरला किक मारता मारता तो म्हणाला, "आवाज गावलो काका, पुरे."

— दर्यावर्दी