फलकावर काय लिहावं?

अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, 'पेट्रिफाइड फॉरेस्ट' नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं तिथं दगड होऊन पडली आहेत. येणारा-जाणारा एखादा तुकडा खिशात टाकतो, म्हणून उद्यानानं फलक लावला होता: थोडं थोडं करत दरवर्षी १४ टन लाकूड चोरीला जातं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळे फलक लावून पाहिले. 'आजवर अनेकांनी लाकूड नेलं आहे' असा फलक असताना जवळपास ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' असा असताना २ टक्क्यांहूनही कमी.

सगळेच नेतात म्हटल्यावर आपणच का मागं राहायचं, असं मनाला वाटून जातं. 'लोक काय म्हणतील' ही धास्ती आपल्या परिचयाची आहे. 'लोक काय करतात' याचा पगडा मला जास्त चिवट वाटतो, कारण तो आपल्याला कळतच नाही. कॅलिफोर्नियात संशोधकांनी लोकांना विचारलं, तुम्ही वीज का वाचवता? पर्यावरणासाठी, पैशांसाठी, अशी उत्तरं आली. 'शेजारी वाचवतात म्हणून' हे कारण सगळ्यांत खाली. प्रत्यक्षात ज्यांना शेजारी वीज वाचवतात असं वाटत होतं, तेच सर्वांत जास्त वाचवत होते.

म्हणून 'बहुतांश सभासद ओला-सुका कचरा वेगळा करत नाहीत, ही खेदाची बाब आहे' असा कागद सोसायटीच्या फळ्यावर दिसला की मला काळजी वाटते. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते. पण जो रोज निमूटपणे दोन डबे भरतो, त्याला हा कागद एकटं पाडतो. असंच कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस शहरात दिसलं. तिथं संशोधकांनी घरोघरी दारावर पत्रकं अडकवली होती: तुमचा वीजवापर इतका, परिसराची सरासरी इतकी. जास्त वापरणाऱ्यांनी हात आखडला. कमी वापरणाऱ्यांनी मात्र सैल सोडला. त्यांच्या पत्रकावर नुसता हसरा चेहरा काढला, तेव्हा ते पूर्ववत काटकसरीनं वापरत राहिले. एवढीशी शाबासकीही माणसाला पुरते.

आपल्याकडे विसर्जनानंतर काठावर विखुरलेल्या अर्धवट मूर्तींची छायाचित्रं छापली जातात. ती छापावीतच, नदीचे हाल झाकून चालणार नाही. पण विसर्जनाच्या कृत्रिम हौदापाशी रांगेत उभी राहिलेली कुटुंबंही तितकीच ठळक दिसली पाहिजेत. कालपेक्षा आज, गेल्या वर्षीपेक्षा यंदा किती मूर्ती हौदात गेल्या, हे घाटावरच लिहावं, आणि आकडा खरा असावा. फुगवलेला आकडा लोक लगेच ओळखतात. आणि खरा आकडाही दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वाचून काय उपयोग? माणूस मूर्ती हातात घेऊन पाण्याकडे जायचं की हौदाकडे, हे ठरवत असतो, तेव्हाच हा आकडा त्याच्या नजरेस पडायला हवा.